तोंडावर बोट म्हणजे शांतता नव्हे : बालवर्ग ते दुसरीच्या शिक्षक-शिक्षिकांना खुले पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

काही वर्षांपूर्वी मी वर्गात मुलांना विचारलं होतं, "शांतता म्हणजे काय?" २१ सप्टेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय शांतता दिन, जवळ आला होता आणि त्यानिमित्त फळ्यावर कबुतर काढायचं ठरलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने काही न बोलता हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याचं पाहून शेजारच्याने ठेवलं. बघता बघता अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत बसला. बरोबर उत्तर दिल्याचा आनंद सगळ्यांच्या डोळ्यांत होता.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. 'शांत बसा', 'शांतता राखा' हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! मोठ्यांनी दटावल्यावर गप्प होणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्यांना आपल्याकडून मिळालेला असतो. आणि हीच मुलं जेव्हा युद्धाबद्दल काही विचारतात, तेव्हाही आपण त्यांना तोंडावर बोटच ठेवायला लावतो. 'असलं बोलू नये', 'तू लहान आहेस', 'तिकडे लक्ष देऊ नकोस'. हे आपण वाईट हेतूने करत नाही, मायेपोटीच करतो. पण ते करू नये, असं मला आता ठामपणे वाटतं, आणि त्यासाठीच हे पत्र.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. साडेपाच वर्षांची एक मुलगी खेळाच्या तासाला माझा पदर ओढून म्हणाली, "ताई, बॉम्ब पडला की आवाज आधी येतो, की घर आधी पडतं?" तेव्हा जगात एका ठिकाणी युद्ध पेटलं होतं, घरोघरी त्याच बातम्या चालू होत्या. मी दचकले. म्हणाले, "असलं काही बोलायचं नाही. काही होत नाही. जा, खेळ बघू." ती गेली. पुढचे आठ-दहा दिवस वरून विमान गेलं की ती हातातलं काम टाकून टेबलाखाली शिरायची. मला वाटलं, खेळतेय. मग एक दिवस तिची आई भेटायला आली आणि म्हणाली, "ही झोपताना पायातली चप्पल काढू देत नाही."

मी तिला जवळ बसवलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "तू काय पाहिलंस गं?" ती दहा मिनिटं बोलत होती. आजोबांच्या फोनमध्ये तिने त्यांच्या खांद्यावरून एक रस्ता पाहिला होता. माणसं पळत होती आणि एका मुलाच्या पायांत काही नव्हतं. तिच्या मनात धूर राहिला नव्हता, पडलेली घरंही नाहीत. राहिले होते ते अनवाणी पाय. म्हणून चप्पल. आवाज आधी येतो का, हेही तिने उगाच विचारलं नव्हतं. आवाज आधी आला तर पळायला वेळ मिळेल, असा तिचा हिशेब होता. तिने आपल्या परीने सगळी तयारी करून ठेवली होती, आणि ती एकटीने केली होती, कारण मी तिला 'जा, खेळ' म्हटलं होतं.

तेव्हापासून मूल असा प्रश्न घेऊन आलं की मी उत्तर द्यायची घाई करत नाही. आधी विचारते, "तुला काय माहीत आहे?" किंवा "तुला काय वाटतं?" निम्म्या वेळा मुलाचा प्रश्न आपल्याला ऐकू आला त्याहून अगदी वेगळा असतो. "तिथे शाळा आहे का?" असं विचारणाऱ्या मुलाला भू-राजकारण नको असतं. तिथल्या मुलांच्या दप्तरांचं काय झालं, एवढंच त्याला हवं असतं. जेवढं विचारलंय तेवढंच सांगावं, खरं सांगावं आणि थांबावं. त्याला आणखी हवं असेल तर ते उद्या पुन्हा येतं. आज त्याला हाकलून दिलं नाही, तर नक्की येतं.

वय फार महत्त्वाचं आहे. चार वर्षांच्या मुलाला 'दूर' आणि 'पूर्वी' या दोन्ही गोष्टी कळत नाहीत. २००१ साली न्यूयॉर्कमधल्या जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळली, तेव्हा दूरदर्शन वाहिन्यांनी तीच दृश्यं दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवली. ती पाहणाऱ्या लहानग्यांना वाटलं, दर वेळी नवी इमारत कोसळते आहे. आपल्यासाठी ते पुनःप्रक्षेपण होतं, त्यांच्यासाठी ते थांबतच नव्हतं. म्हणून या वयाच्या मुलांच्या बाबतीत बातम्या बंद करणं हेच सगळ्यात मोठं काम. आणि पालकांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं की मूल कोपऱ्यात खेळत असलं तरी ते ऐकत असतं.

सात-आठ वर्षांची मुलं वेगळी. त्यांना न्याय हवा असतो. सुरू कुणी केलं? त्यांना शिक्षा का होत नाही? मोठी माणसं भांडली तर त्यांना कोण ओरडतं? हे प्रश्न ऐकून आपण हसतो, पण अभ्यासकही याच प्रश्नांशी झगडत असतात. 'मलाही याचं पूर्ण उत्तर माहीत नाही, पण तुझा प्रश्न बरोबर आहे' असं म्हणायला लाजू नये.

शब्दांबद्दल एक सांगते, कारण इथे चूक सर्रास होते. 'ती माणसं झोपली', 'निघून गेली' असं लहान मुलांना सांगू नका. मूल शब्दशः घेतं. मग त्याला रात्री झोपायची भीती वाटते आणि बाबा कामाला निघाले की ते हंबरडा फोडतं. 'मेली' हा शब्द कानाला कठोर लागतो, पण तो मुलाला फसवत नाही. तसंच 'आपल्याकडे कधीच काही होणार नाही' हे वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. 'आज, आत्ता, आपण इथे सुरक्षित आहोत, आणि तुझी काळजी घेणारी माणसं तुझ्याजवळ आहेत' एवढं सांगता येतं. ज्यांच्या शाळेपासून युद्ध खरोखरच जवळ आहे, त्या सहकाऱ्यांना हेही म्हणता येत नाही, याची मला जाणीव आहे. तिथे मुलाला धीर येतो तो ठरवून ठेवलेल्या गोष्टींतून. भोंगा वाजला तर कुठे जायचं, कुणाचा हात धरायचा, आई न्यायला कुठे येईल. भीतीला काहीतरी करायला मिळालं की तिचा जोर थोडा ओसरतो.

मूल शब्द ऐकतं, पण त्याआधी आपला चेहरा वाचतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना आना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली होती. तिथल्या मुलांच्या नोंदी त्यांनी बारकाईने ठेवल्या. बॉम्बहल्ल्यांपेक्षाही आईपासूनच्या ताटातुटीने मुलं जास्त कोलमडत होती, आणि आई भेदरलेली असली तर मूल भेदरत होतं, असं त्यांच्या लक्षात आलं. हे वाचल्यावर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. सकाळी बातम्या पाहून माझाच जीव थाऱ्यावर नसेल, तर त्या दिवशी वर्गात हा विषय मी आपणहून काढत नाही. मुलाने विचारलं तर मात्र टाळत नाही. "हो, मलाही वाईट वाटतंय," एवढं खरं सांगते आणि त्याच्या शेजारी बसते.

आता लढाईच्या खेळांविषयी. तुमच्यातले बरेच जण वर्गात 'ढिश्याँव ढिश्याँव' ऐकलं की लगेच बंदी घालतात. मीही घालत असे. पण जे बोलता येत नाही, ते मूल खेळातून मांडतं. ठोकळ्यांचा मनोरा रचून पाडणारं मूल उद्या मारेकरी होत नाही. बघायचं ते एवढंच की खेळ पुढे सरकतो आहे का. आज मनोरा पडला, उद्या तिथे पूल झाला, परवा त्यात कुणीतरी राहायला आलं, तर सगळं ठीक चाललंय. पण तोच खेळ, त्याच क्रमाने, चेहऱ्यावर जराही आनंद नसताना रोज रोज चालला असेल, तर ते मूल अडकलंय. अशा वेळी मी खेळात शिरते. एक ठोकळा हातात घेते आणि विचारते, "ही रुग्णवाहिका आहे. ती आत कुठून येईल?" मूल जागा दाखवतं. कधी कधी तेवढ्यानेच खेळाला वाट फुटते. नाही फुटली, आणि सोबत अंथरूण ओलं होणं, बोलणं कमी होणं, सतत चिकटून राहणं असं आठवड्यांमागून आठवडे चालू राहिलं, तर समुपदेशकाकडे पाठवायला उशीर करू नका.

युद्ध समजावताना आपण सगळे एकच उदाहरण वापरतो : तुम्ही दोघं खेळण्यावरून भांडता ना, तसंच देश भांडतात. हे उदाहरण अर्ध्या वाटेपर्यंतच चालतं. 'कट्टी' आणि 'बट्टी' मुलांना आपल्याहून चांगली कळते, आणि 'टाइम प्लीज' म्हणणाऱ्या मुलाला शस्त्रसंधी म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही : खेळ संपलेला नाही, पण या क्षणी कुणी कुणाला हात लावायचा नाही. इथवर ठीक. पण भांडणात जो चिडतो तोच मारतो, आणि मार बसतो तो समोरच्याला. युद्धात ठरवतात एक, लढतात दुसरे, आणि घर पडतं तिसऱ्याचंच. हे सांगितलं नाही तर मुलाला वाटतं की ज्यांची घरं पडली त्यांनीच काहीतरी खोडी काढली असणार. मला एका मुलाने खरंच विचारलं होतं, "त्या बाळाने काय केलं होतं?" त्याला मी सांगितलं, "काहीच नाही." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पण दुसरं कुठलंही उत्तर खोटं झालं असतं.

यातूनच पुढचा, सगळ्यात नाजूक प्रश्न येतो : "तिथली माणसं वाईट आहेत का?" इथे आपण फार जपून राहायला हवं, कारण वर्गात नाना घरांतली मुलं बसलेली असतात. एखाद्याचे आजोळचे लोक 'तिथले' असतात. एखादं मूल स्वतःच तिथून जीव मुठीत धरून आलेलं असतं. या वयात 'शत्रू' हा शब्द एका सैन्यापुरता राहत नाही, तो एका भाषेला, एका नावाला, शेजारच्या बाकावरच्या मुलाला जाऊन चिकटतो.

मी मुलांना तेव्हा एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईची गोष्ट सांगते. ती काही काळ आपल्यासारखीच शिक्षिका होती. पहिल्या महायुद्धात तोफा थांबल्या तरी जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच राहिली आणि तिथली मुलं उपासमारीने सुकत चालली. १९१९ साली जेबने लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात भुकेल्या मुलाचं चित्र असलेली पत्रकं वाटली. काल-परवापर्यंत जे शत्रू होते, त्यांच्या मुलांसाठी! तिला अटक झाली, न्यायालयाने दंड केला. पण तिच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच दंडाइतकी रक्कम स्वतःच्या खिशातून तिच्या हातावर ठेवली. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांना मदत करणारी संस्था उभी राहिली. मुलांना वकिलाचा प्रसंग फार आवडतो. ते पुन्हा सांगायला लावतात. मला वाटतं, विरुद्ध बाजूचा माणूसही बदलू शकतो, हे त्यांना त्यात दिसतं.

सैनिकाचं मूल वर्गात असेल तर आणखी सांभाळावं लागतं. 'युद्ध वाईट' हे वाक्य त्याच्या कानावर 'तुझे बाबा वाईट' असं पडू शकतं. असं एक मूल माझ्याकडे होतं. सगळे गेल्यावर त्याने विचारलं, "माझे बाबा माणसं मारतात का?" मी त्याला विचारलं, "तुला बाबांची काळजी वाटते का?" त्याने मान हलवली. मग हळूच म्हणाला, "त्यांना कुणी मारलं तर?" खरा प्रश्न हा होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार त्याच्या आईबाबांचा होता आणि त्याच्या आईशी मी तसं बोललेही. दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही दोघांनी बाबांना एक चित्र काढलं. 'ते नक्की येतील' असं मी म्हणाले नाही. म्हणावंसं मात्र फार वाटलं होतं.

मुलांना नियम आवडतात. म्हणून 'युद्धालाही नियम असतात' हे ऐकून ती चकित होतात. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिल्योने गावात येऊन पडले. चर्चमध्ये, अंगणांत, रस्त्यांवर. गावातल्या बायका पाणी घेऊन धावल्या आणि कोण कुठल्या सैन्यातला हे न विचारता सगळ्यांच्या जखमा बांधू लागल्या. आंरी द्युनां नावाचा एक स्विस व्यापारी कामानिमित्त तिथे आला होता. तोही त्यांच्यात सामील झाला आणि ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसचा पाया घातला गेला आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. मुलांसाठी मी त्याचं एका ओळीत सार सांगते : पडलेल्याला मारायचं नाही, आणि उचलणाऱ्यालाही मारायचं नाही. ती लगेच विचारतात, "सगळे पाळतात?" नाही, सगळे पाळत नाहीत. वर्गातले नियम तरी सगळे रोज कुठे पाळतात? पण नियम असतो म्हणून तो मोडल्याचं बोट दाखवून सांगता येतं.

सादाको सासाकीची गोष्ट तुम्ही सगळेच सांगता. माझी एकच विनंती आहे. ती रडवण्यासाठी सांगू नका, आणि पाच वर्षांच्या मुलांना तर नकोच. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती आणि १९५५ साली रक्ताच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा बारा वर्षांची. हजार कागदी पक्षी घडवले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती आजारपणात ते घडवत होती. हजार पुरे व्हायच्या आधीच ती गेली, असं गोष्टीत रंगवून सांगितलं जातं. तिच्या घरच्यांनी मात्र सांगितलंय की तिने हजार पुरे केले आणि त्यापुढेही ती घड्या घालत राहिली. आपल्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून तिच्या कष्टांतून आपण पक्षी वजा करू नयेत. आणि गोष्ट तिथे संपवूही नये. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेऊन वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, देशभरातल्या शाळा त्यात उतरल्या आणि ५ मे १९५८ रोजी हिरोशिमात मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. आठ वर्षांच्या मुलाला हा भाग जास्त उपयोगी पडतो. त्यात काय काय करता येतं, ते आहे.

मुख्याध्यापकांनाही थोडं सांगायचं आहे. परिपाठात, सभागृहात युद्धाच्या चित्रफिती दाखवू नका. लहान मुलांकडून कुणाच्या पराभवाच्या घोषणा देववू नका, त्यांना लाकडी बंदुका देऊन व्यासपीठावर उभं करू नका. शिक्षणाने मुलाला शांतता, सहिष्णुता आणि लोकांमधल्या मैत्रीच्या भावनेने जगायला तयार करावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या २९ व्या कलमात लिहिलं आहे. आपण त्या कलमाची अंमलबजावणी करणारी माणसं आहोत. वर्षातून एकदा कबुतर रंगवून ते पुरं होत नाही. 'शांतता राखा' हे वाक्य मी स्वतः आता वर्गात वापरत नाही, 'आवाज कमी करा' म्हणते. शब्द मोकळा झाला की त्यात दुसरा अर्थ भरायला जागा होते. दोघांचं भांडण झालं आणि दोघं बसून बोलली, की मी मोठ्याने म्हणते, "बघा, यांनी शांतता केली." शांतता 'केली', हे क्रियापद मुलांच्या कानावर पडू द्या.

चप्पल घालून झोपणारी ती मुलगी त्याच वर्षी, दिवाळीच्या नव्हे की परीक्षेच्या नव्हे, एका साध्याच दिवशी ठोकळ्यांचं गाव रचत बसली होती. रेड क्रॉसची गोष्ट आदल्या आठवड्यात झाली होती. घरं झाली, शाळा झाली, मग एक लांबट इमारत झाली. तिने लाल खडू घेतला आणि त्या इमारतीच्या भिंतीवर नाही, तर छतावर मोठी फुली काढली. मी विचारलं, "वर का गं?"

"विमानातल्या काकांना दिसायला हवं ना, इथे आजारी माणसं आहेत म्हणून." मग फुली थोडी पुसट वाटली म्हणून तिने ती पुन्हा गिरवली, उभी राहिली, मान वाकडी करून वरून खाली पाहिलं आणि मला म्हणाली, "ताई, तू उंच आहेस. तू सांग. दिसतंय का नीट?"

तुमचीच,
बालवर्गाची एक ताई